म्हशीच्या बदल्यात आलेली मोटार

एका दुभत्या म्हशीच्या बदल्यात आमच्या घरी मोटार आली. मेहकरात जुनी माणसं अजून हसतात यावर. हसू देत, माझी हरकत नाही. म्हशीचा सौदा मला आजही चुकीचा वाटत नाही. चूक पुढे झाली, ती वेगळीच, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी नागपूरला शिकून आलो होतो आणि मेहकरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं, असा माझा समज होता. वर्गात बोलायची सवय लागलेला माणूस घरीही वर्गात असल्यासारखाच बोलतो. मी तसा होतो. गावी, म्हणजे मेहकरपासून चार कोसांवर, दादा शेती बघायचा. मी शनिवारी संध्याकाळी सायकलीवरून घरी जायचो आणि सोमवारी पहाटे परत यायचो.

मेहकरचे एक जुने वकील वारले. त्यांच्या परसात चिंचेखाली त्यांची विलायती मोटार उभी होती, इंग्रजाच्या अमलातली, काळी, कापडी टपाची. मी पाहिली तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. चारही टायर मातीत रुतलेले, टपाच्या चिंध्या झालेल्या, बॉनेट उघडलं तर आत उंदरांचं घर. मी तिथंच वेडा झालो. वकिलांच्या मुलाला परस मोकळं हवं होतं, आणि घरात लहान मुलं असल्यामुळे दुभतं जनावर हवं होतं. तो म्हणाला, म्हैस द्या, मोटार न्या.

आमच्याकडे म्हैस होती, पण ती वहिनीची होती. तिच्या वडिलांनी धामणगाव बढ्याहून आणून आमच्या दावणीला बांधलेली. वहिनी या घरात आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. दोन वर्षांनी आई गेली आणि मी वहिनीच्याच हाताखाली वाढलो. माझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, गोवर आला तेव्हा उशाशी ती बसली, आणि नागपूरला शिकायला जायचं म्हटल्यावर दादाशी भांडलीही तीच. त्यामुळे म्हशीचं मी दादाला न विचारता आधी तिलाच विचारलं. मला माहीत होतं, ती नाही म्हणणार नाही. ही माझी लहानपणापासूनची खोड.

दादा ऐकून हसलाच. "म्हैस दूध देते, शेण देते, दोन वर्षाले एक वगार देते. थे काय देईन बे? धूर?"

"देऊन टाका ना," वहिनी म्हणाली. "माही म्हैस हाय, म्या देल्ली. भाऊजीचं मन नका मोडू. पण एक हाय, भाऊजी. गाडी सुधरली का पह्यले मले माह्या माहेरी न्यायचं. अन् मी मांगं नाई बसत. पुढं बसीन."

मी शब्द दिला.

गाडी दादाच्याच दोन बैलजोड्यांनी ओढत आणली. चार कोसांच्या वाटेवर प्रत्येक गावात माणसं रस्त्याला येऊन उभी राहिली. आमच्या गावानं त्याच संध्याकाळी तिचं बारसं केलं: म्हैस. काळी होती, अवजड होती आणि खरी म्हैस देऊन आणली होती, दुसरं नाव शोधायची गरजच नव्हती. कोणी भेटला की विचारायचा, "काय मास्तर, म्हैस पान्हावली का नाई अजून?" मी रागवायचो. रागावलो की ते आणखी विचारायचे.

गाडी ठेवायला जागा हवी होती. घराच्या मागे स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून बैलांचा कोठा होता. त्याचा अर्धा भाग दादानं कुरकुरत मोकळा करून दिला आणि एका जोडीला बाहेर छपरी घातली. मी त्या जागेला गॅरेज म्हणायचो. दादा शेवटपर्यंत कोठाच म्हणाला. मधे फक्त एक आडवं लाकूड होतं. मी स्पॅनर घेऊन गाडीखाली पडलेला असलो की पलीकडून बैल मान लांबवून माझ्या पायांचा वास घ्यायचे.

पहिले तीन-चार महिने मी एकट्यानंच झटापट केली आणि एक नट तोडून ठेवला. मग शहाणपणा गुंडाळून मेहकरच्या जिनिंगमधल्या मिस्त्रींकडे गेलो. सरकी काढायची इंजिनं चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पांढरी दाढी, डोळ्याला दोरीनं बांधलेला चष्मा. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. पावसाळ्यात जिनिंग बंद असे तेव्हा ते दर रविवारी यायचे, एरवी जमेल तसे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाले, "मशीन मेली नाई मास्तर, झोपली हाय. उठवू. पण घाई करायची नाई."

त्यात दोन वर्षांचे रविवार गेले. वहिनीच्या जुन्या परातीत रॉकेल ओतून आम्ही इंजिनाचा एकेक भाग धुतला. पत्र्यावरचा गंज मी घासून घासून काढला, हाताची कातडी निघेपर्यंत. तुटलेली एक दांडी चाचांनी जिनिंगमधल्या मोडक्या लोखंडातून घडवून आणली, तीही अशी की मूळची कुठली आणि नवी कुठली, ते मला ओळखता येईना. त्या दिवसांत मी सुखी होतो. हे कबूल केलं पाहिजे, नाही तर पुढचं खोटं वाटेल.

सीट आणि टप वहिनीनं शिवले. सीटमध्ये आमच्याच शेतातली रुई भरली, वर जाड खादी लावली आणि गोधडीला घालतात तसे बारीक टाके घातले. टपाचं कापड इतकं जाड होतं की मेहकरच्या शिंप्यानं हात जोडले होते. वहिनीनं मोठी दाभणासारखी सुई घेतली आणि महिनाभर रोज संध्याकाळी कंदिलाजवळ बसून ते काम संपवलं. तिची नजर फार चांगली होती. सुईत दोरा ती पहिल्याच खेपेला ओवायची, आणि मला दोन-तीनदा जमला नाही की "शिकून शिकून डोळे गेले भाऊजीचे" म्हणून हसायची.

त्याच काळात एकदा ती म्हणाली, "भाऊजी, दिव्याभवती मले रंगीत कडं दिसते. इंद्रधनुष्यावानी. अन् कपाळ ठणकते."

मी विज्ञानाचा मास्तर. मी तिला सांगितलं की पावसाळी हवेत बाष्प असतं, प्रकाशकिरण त्यातून जाताना वाकतात, म्हणून दिव्याभोवती रंग दिसतात. पाटीवर आकृती काढून दाखवली. तिनं कौतुकानं ऐकून घेतलं. "असं हाय काय," म्हणाली आणि पुन्हा टाके घालू लागली. मलाच त्या रात्री दिव्याभोवती कडं दिसत नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता पोळ्याच्या आधीच्या दिवसांकडे येतो. श्रावण संपत आला होता. पोळ्याला दहा-अकरा दिवस होते, त्या रविवारी दुपारी चाचांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. बैल दचकून दावं ओढू लागले. घरी कुणी नव्हतं. दादा शेतात होता, वहिनी बायकांबरोबर मूग तोडायला गेली होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. अर्धा तास गाडी चालली. मी सीटवर बसून कोठ्यातल्या कोठ्यात चार हात पुढे आणि चार हात मागे नेली.

एवढंच पुरे होतं. दुसऱ्या दिवशी वहिनीला पुढच्या सीटवर बसवून धामणगावला न्यायचं, की झालं. पण इंजिनातून एक आवाज येत होता. टिक्, टिक्, टिक्. फार मोठा नाही. चाचा म्हणाले, "मास्तर, म्हातारी गाडी हाय, थोडी खोकलन. चालून राह्यली ना? चालू द्या. चालती मशीन कायले खोलता?"

मला तो आवाज सहन होईना. त्याला कारण होतं. मी मनात एक बेत रचून ठेवला होता आणि तो चाचांनाही सांगितला नव्हता. पोळ्याला गावचे सगळे बैल सजून वेशीपाशी तोरणाखाली उभे राहतात, सगळं गाव तिथं जमतं. बैलांची रांग सुटली की तिच्या मागून मी आपली मोटार काढणार होतो, धुतलेली, पॉलिश केलेली, आवाज न करणारी. पुढे वहिनी. मग बघू कोण म्हैस म्हणतं. दोन वर्षं मला चिडवणाऱ्या गावाचं तोंड मला एका संध्याकाळी बंद करायचं होतं, आणि त्या तोंडासमोर टिक् टिक् करत जाणं मला परवडणार नव्हतं. म्हणून गाडी सुरू झाल्याचं घरी कुणालाच सांगितलं नाही. चाचांनाही सांगू नका म्हणालो. त्यांनी जाताना नुसती मान हलवली.

पुढच्या रविवारी चाचा कामानं खामगावला गेले होते. मी एकट्यानं इंजिन उघडलं. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये तांब्याचा एक पातळ पत्रा दाबून बसवलेला असतो, त्याला गॅस्केट म्हणतात. तो नीट बसला नाही तर पाणी आणि आग एकमेकांत मिसळतात. डोकं उचलताना माझ्या हातून तो फाटला. बोटभर चीर. नवा पत्रा नागपूरहूनच मिळणार होता. मी पत्र टाकलं, उघडलेलं इंजिन पोत्यानं झाकलं आणि सोमवारी शाळेत गेलो. आवाज कुठून येत होता ते तर सापडलंच नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना कोमट पाणी, मग तूप आणि हळद पळसाच्या पानानं चोळतात आणि त्यांना जेवायचं बोलावणं देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आई गेल्यापासून हे आवतन आमच्या घरी वहिनी द्यायची. प्रत्येक बैलाच्या कानाशी जाऊन, पदर डोक्यावर घेऊन, पाहुण्याला द्यावं तसं. दुसऱ्या दिवशी मग त्यांच्या खांद्यावर काही म्हणजे काही ठेवायचं नसतं. मी सुटी घेऊन घरी आलो होतो. तिला त्या संध्याकाळी खांदे मळताना मी पाहिलं. उजव्या हातानं ती मधूनमधून कपाळ दाबत होती.

पोळ्याच्या दिवशी पहाटेपासून ती चुलीपुढे होती. पुरण शिजत होतं, धूर होता. सकाळी नऊच्या सुमारास ती उठून परसात गेली आणि ओकली. उजवा डोळा लालबुंद झाला होता. धुरानं झालं, पित्त झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. गार पाण्याची घडी डोळ्यावर ठेवून ती परत पुरण वाटायला बसली. बारा वाजता तिनं मला हाक मारली. भिंतीला टेकून बसली होती, चेहरा राखेसारखा.

"भाऊजी, ह्या डोळ्यानं तुमचं तोंड धुकट दिसून राह्यलं मले. अन् कपाळात कोणी खिळा ठोकून राह्यलं असं वाटते."

दादा बैल धुऊन नुकताच आला होता. त्यानं तिचा डोळा पाहिला आणि हातातली झूल खाली टाकली. "बैल जुंपतो. मेहकरले नेतो तुले. सण गेला खड्ड्यात."

"नाई जुंपाचे," वहिनी म्हणाली. "काल म्याच आवतन देल्लं त्यायले. जेवाले बोलावलं अन् खांद्यावर जू ठेवाव काय? उद्या पाहू. एका दिवसानं काय होते?"

"मंग खाटेवर टाकून फाट्यावर नेतो. दोनची येष्टी भेटते."

आणि इथं मी तोंड उघडलं. आजही ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हणालो, "काही नको. मी गाडी काढतो. दोन घंट्यात मेहकर."

दादा माझ्याकडे बघत राहिला. दोन वर्षं त्यानं त्या गाडीची थट्टा केली होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे तो मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा. त्या दिवशी तो थट्टा करायच्या मनःस्थितीत नव्हता. त्यानं अगदी सरळ विचारलं, "चालते काय थे?"

"चालते," मी म्हणालो.

फाटलेला पत्रा मला ठाऊक होता. पण ते सांगायचं म्हणजे चालती गाडी उघडली हे सांगायचं, आणि ती का उघडली तेही. शिवाय मला खरोखरच वाटलं होतं की जमेल. चिरेवर सफेदा, सांधे भरायची पांढरी लुगदी, भरू, घट्ट आवळू, चार कोस तर जायचं आहे. दादानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानं त्यापूर्वी माझ्या कुठल्याही गोष्टीवर तसा विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. वहिनीही पडल्या पडल्या हसली. "पाहा, म्हैसच कामी आली शेवटी," म्हणाली.

मी कोठ्यात गेलो. बैल बाहेर सजत होते, शिंगांना बेगड लागत होता, कोठा रिकामा होता. चिरेत सफेदा भरला, डोकं चढवलं, नट आवळायला घेतले. एका नटाचा आटा मागच्या रविवारी माझ्याच हातून बिघडला होता, तो बसेना. काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. फाट्यावर दोनच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा मी त्याच नटाशी होतो. भोंगा मला स्पष्ट ऐकू आला. तेव्हाही मी उठून दादाला सांगू शकलो असतो, की धाव, गाडी थांबव, माझं काही खरं नाही. पाच मिनिटं तरी येष्टी तिथं थांबायची. मी नट आवळत राहिलो.

दर थोड्या वेळानं दादा दाराशी येऊन उभा राहायचा. "झालं?" मी म्हणायचो, "झालंच." तीन वाजले, चार वाजले. भिंतीपलीकडून वहिनीचं कण्हणं येत होतं. ती मोठ्यानं कण्हत नव्हती, पण भिंत मातीची होती.

उन्हं उतरली तेव्हा मी हँडल मारलं. वेशीवर डफडं वाजत होतं, माणसं ओरडून झडत्या म्हणत होती, सवाल-जवाब चालले होते. गाडी सुरू झाली. दादा धावत आत गेला आणि वहिनीला हाताला धरून दारापर्यंत घेऊन आला. ती नवं लुगडं नेसली होती. डोळ्यावर फडकं बांधलेलं. मी गाडी दोन हात मागे घेतली असेल नसेल, तोच आतून फट्‌कन आवाज झाला, पांढऱ्या वाफेनं कोठा भरला, आणि गाडी बंद पडली. त्याच वेळी वेशीवर तोरण तुटलं आणि हर हर महादेवाचा गजर झाला. वाफ निवली तेव्हा इंजिनातून पाणी ठिबकत होतं आणि दादा वहिनीला हाताला धरून परत आत नेत होता.

दादानं अतिशहाण्याची ती म्हण त्या दिवशी वापरली नाही. त्यानंतरही कधीच वापरली नाही.

बैल घरी आले. वहिनीनं त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, बोलावलं म्या, तं वाढीन बी मीच. ताट बैलाच्या तोंडापासून एक वीत बाजूला धरलं जात होतं, आणि बैलच मान वळवून खात होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादानं दमणी जुंपली. मेहकरहून येष्टीनं बुलढाणा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि आम्हा दोघा भावांना बाजूला घेतलं. काचबिंदू, म्हणाले. अचानक जोर करतो. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि नस मरते. आधी दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, कपाळ दुखतं, तसं काही म्हणत होत्या का? दादानं माझ्याकडे पाहिलं, कारण त्याला काही माहीत नव्हतं. मी नाही म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "काल दुपारी आणलं असतं तर बहुतेक वाचला असता. आता उजव्याची आशा नाही. डावा सांभाळू."

डावा सांभाळला गेला. उजवा कायमचा गेला.

घरी आल्यावर गावच्या बायका भेटायला यायच्या आणि प्रत्येकीला वहिनी तेच सांगायची: "भाऊजीनं लय झटापट केली, पण गाडी तयारच नोती त्यायची. थे काय करतीन?" मी आत बसून ऐकत असे. दादानं एकदाच विचारलं, "चालते म्हणला होता ना तू?" मी म्हणालो, चालेल असं वाटलं होतं, पण त्याआधी ती कधी नीट सुरूच झाली नव्हती. चाचांना सगळं ठाऊक होतं. ते वहिनीला भेटायला आले, तिच्या डोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहा घेतला आणि गेले. ते कुणाजवळ बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, असं आज वाटतं. तेव्हा मी देवाचे आभार मानले होते.

नागपूरचा पत्रा पंधरा दिवसांनी आला. मी पुडा उघडलाही नाही. दीड वर्ष गाडीवर पोती पडून होती आणि मधलं लाकूड काढून दादानं बैल परत त्या बाजूला बांधले होते. मग एकदा, तूर घरी आल्यावर, वहिनी म्हणाली, "भाऊजी, माहेरी नेतो म्हणलं होतं. का एका डोळ्याच्या बाईले नाई बसवत गाडीत?" ती हसत म्हणाली. मी दुसऱ्याच दिवशी चाचांना बोलावून आणलं. त्यांनी एका दुपारात नवा पत्रा बसवला, गाडी सुरू केली, हात पुसले आणि म्हणाले, "आता नका खोलू."

माघात आम्ही निघालो. दादा मागच्या सीटवर, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. वहिनी पुढे, माझ्या डाव्या हाताला, स्वतः शिवलेल्या सीटवर. चिखली गेलं, बुलढाण्याला चहा घेतला. राजूरचा घाट उतरायला लागलो तेव्हा दादाला झोप लागली होती. खाली मोताळ्याकडचा मुलूख उन्हात पसरला होता. वहिनी डावीकडच्या बाजूनं सगळं बघत होती आणि सांगत होती, थे तिकडं नळगंगा, थ्या झाडापाशी लहानपणी आमची दमणी मोडली होती. मी तिच्या उजवीकडे होतो, म्हणजे ज्या बाजूला तिला आता काहीच नव्हतं.

मधेच ती बोलायची थांबली. गाडी उतारावर संथ चालली होती. टिक्, टिक्, टिक्. आवाज होताच, जसाच्या तसा.

"असाच आवाज येत होता तवा बी," ती म्हणाली. अगदी हलक्या आवाजात, मागे झोपलेल्या दादाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "पोळ्याच्या आंधी. कपाळ दुखे म्हून मी मुगातून लवकर आल्ती, चुलीपाशी पडली होती. भिंतीआडून आयकला म्या, चांगला अर्धा घंटा. म्हणलं, भाऊजी आता येईन अन् सांगन. चांगला तं होता आवाज."

माझे हात स्टिअरिंगवर होते. माझा चेहरा बघायचा तर तिला पुरती मान वळवावी लागली असती. तिनं वळवली नाही. ती समोर रस्त्याकडे बघत राहिली, आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मोताळा किती दूर हाय अजून?"

"आलंच," मी म्हणालो.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. त्या बोलण्याचा विषय तिनं पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. दादालाही तिनं काही सांगितलं नसावं, कारण दादा शेवटपर्यंत लोकांना सांगायचा की माझ्या भावानं त्या दिवशी जिवाचं रान केलं. दर रविवारी मी तिच्याच हातचं जेवत होतो. हो वहिनी, गाडी चालत होती, एवढं एक वाक्य बोलायला मला अकरा वर्षं कमी पडली.